मनुका, मिसळ आणि मनःशांती

१९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी काही आठवड्यांचा एक वर्ग काढला. विद्यार्थी कोण, तर ज्यांच्या जुनाट दुखण्यांपुढं डॉक्टरांनी हात टेकले होते अशी माणसं. या वर्गाच्या पहिल्या धड्याचं साधन आहे मनुका. एकच. ती तळहातावर घ्यायची, जन्मात कधी मनुका पाहिली नाही अशा नजरेनं पाहायची, सुरकुत्या न्याहाळायच्या, कानाशी नेऊन बोटांनी दाबायची, हुंगायची, जिभेवर ठेवून थांबायचं आणि बऱ्याच वेळानं, पंचांगातून मुहूर्त काढल्यासारखं, चावायची. यालाच माइंडफुलनेस म्हणतात, मराठीत सजगता. पुढं हा प्रकार जगभर पसरला. माणसांना आधी चौदा तास राबवायचं आणि मग तासभर शांत बसवायचं, यासाठी कंपन्या पगारी माणसं नेमू लागल्या. मोबाइलवर शांततेची ॲप आली, श्वास घ्यायची आठवण करून देणारी घड्याळं आली. आपण नीट श्वास घेतोय का, हे मनगटाला विचारायची पाळी ज्या शतकावर आली, त्याच शतकात कोल्हापुरात मात्र 'काय चाललंय?' या प्रश्नाला आजही एकच उत्तर मिळतं : 'निवांत!'

हे उत्तर तपासून बघण्यासारखं आहे. हाच प्रश्न मुंबईत विचारला तर 'धावपळ' असं उत्तर येतं आणि पुण्यात विचारला तर 'का?' असं. कोल्हापुरात उत्तर देणाऱ्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं, उसाचं बिल कारखान्याकडं अडकलेलं असतं, पोरगं बारावीला असतं, बांधाचा दावा तिसऱ्या पिढीत गेलेला असतो. तरी गडी निवांत असतो. तो रिकामा असतो असा याचा अर्थ नाही. रिकाम्या माणसाला वेळ खायला उठतो. निवांत माणूस वेळेला बाकड्यावर शेजारी बसवून घेतो. आता कुणी म्हणेल, की ज्या गावात गणपतीला डॉल्बीनं खिडक्यांच्या काचा थरथरतात, शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा फुटबॉलचा सामना असला की त्याच्या आरोळ्या अर्ध्या गावात जातात आणि कानात सांगितलेलं गुपित रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवर स्पष्ट ऐकू येतं, त्या गावानं मनःशांतीवर बोलावं म्हणजे बैलानं विणकामावर व्याख्यान देण्यासारखं आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्यात एक गृहीत धरलेलं आहे : शांतता म्हणजे आवाज नसणं. ते गृहीतच चुकीचं आहे, एवढं या लेखात सिद्ध करायचं आहे. मन शांत आहे की नाही हे डेसिबलवर ठरत नाही; ते किती ठिकाणी वाटलं गेलंय यावर ठरतं.

पुरावा कोल्हापूरच्या बाहेरून घेऊ, म्हणजे पेठेचा अभिमान मधे येणार नाही. २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २,२५० माणसांना दिवसात अवचित फोनवरून विचारलं : आत्ता काय करताय, मन कशात आहे आणि बरं वाटतंय का? ४६.९ टक्के वेळा हात एकीकडं आणि मन भलतीकडं निघालं. मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती. फार काय, ते सुखाच्या विचारात भटकलं तरी हातातल्या कामात गुंतलेल्या माणसापेक्षा जास्त सुखी नव्हतं. म्हणजे भांडी घासताना काश्मीरची सहल आठवण्यात तसा काही फायदा नाही. २०१४ साली त्याच नियतकालिकात टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी याहून मजेदार प्रयोग मांडला. माणसाला खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं, हातात काही नाही, फक्त आपले विचार. शेजारी एक बटण. दाबलं की विजेचा झटका बसणार हे आधीच चाखवून दाखवलेलं. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी आपल्याच हातानं झटका घेतला. एका पठ्ठ्यानं तर १९० वेळा. बायका आणि पुरुषांच्या आकड्यांतल्या फरकावरून काय निष्कर्ष काढायचा तो ज्यानं त्यानं आपापल्या घरी, हळू आवाजात काढावा. आपल्यापुरतं एवढंच, की मनाला नुसतं मोकळं सोडलं म्हणजे ते शांत होत नाही. मन हे दावं सुटलेलं रेडकू आहे. हाकललं तर उधळतं, ओरडलं तर गोंधळतं. खुंट्याला बांधलं की मात्र मुकाट रवंथ करत बसतं. प्रश्न खुंट्याचा आहे. आणि कोल्हापूरनं असे खुंटे गावभर ठोकून ठेवलेत.

पहिला खुंटा अर्थात मिसळीचा. उद्यमनगरातल्या फडतऱ्यांची असो, कसबा बावड्याची असो, की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बिननावाच्या गाड्यावरची. ती समोर आली की बोलणी थांबतात. थांबवावी लागत नाहीत, थांबतात. तिखट ही मुळात चव नाहीच, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णतेच्या संवेदकांना चेतवतं आणि मेंदूला वाटतं, तोंडात आग लागली. हे संवेदक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या वैद्यकाच्या नोबेलमधला निम्मा वाटा मिळाला. उरलेलं सगळं संशोधन कोल्हापुरात लोक वर्गणीशिवाय करत आले आहेत. कबाट-झिन यांच्या वर्गात वेदनेपासून पळू नका, तिच्याकडं नीट बघा, ती कुठून उठते आणि कशी ओसरते ते पाहा असं शिकवतात. कोल्हापूरकर त्याच्या एक पाऊल पुढं आहे. तो वेदनेला बोलावणं धाडतो : 'मामा, जादा कट!' कपाळावर घाम, नाकाला धार, डोळ्यांत पाणी आणि हातात ब्रेडचा तुकडा. या अवस्थेत माणसाला घराचे हप्ते आठवत नाहीत, साहेबाचं बोलणं आठवत नाही, कधीकधी स्वतःचं आडनावही चटकन आठवत नाही. मनुकेला जे साधायला दहा मिनिटं लागतात ते इथं दुसऱ्या घासाला होतं. यावर कुणी म्हणेल, ही खादाडी झाली, साधना कसली? खादाडी कशाला म्हणायचं ते ठरवू. टीव्ही बघत, फोन चाळत, अख्खं पाकीट केव्हा संपलं ते न कळता जे खाल्लं जातं ती खादाडी. ज्याला प्रत्येक घासाची किंमत डोळ्यांतल्या पाण्यानं मोजावी लागते, त्याला बेसावधपणे खायची सोयच नाही.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सजगतेच्या शास्त्रात अट अशी, की समोरचा अनुभव बरा-वाईट न ठरवता घ्यायचा. इथं कोल्हापूरकर नापास होतो, तेही पहिल्याच घासाला. 'कट पातळ झालाय', 'पूर्वीसारखा मसाला राह्यला नाही', 'आमच्या पेठेतल्यापुढं काय नाही' असे तीन निकाल तो पहिल्या प्लेटमध्येच देतो आणि अपील करण्यासाठी दुसरी मागवतो. पण यातही एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कट काल होता त्यापेक्षा आज पातळ आहे हे कळायला काल आणि आज, दोन्ही दिवशी जिभेवर हजर असावं लागतं. गैरहजर माणसाला सगळ्या मिसळी सारख्याच लागतात.

दुसरा खुंटा जास्त गंभीर आहे, कारण तिथं चूक झाली तर प्लेट परत करता येत नाही. तो गुऱ्हाळावर आहे. कोल्हापूरचा गूळ नावाजला जातो तो उसाच्या, मातीच्या आणि पाण्याच्या जोरावर हे खरं; पण शेवटचा निर्णय गुळव्याचा असतो. काहिलीत रस उकळत असतो, जळव्या चुलवाणात चिपाडं सारत असतो, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढून टाकलेली असते आणि गुळव्या फक्त बघत उभा असतो. रसाचा रंग बदलतो, बुडबुडे लहानाचे मोठे होतात, वास बदलतो, ढवळताना हाताला लागणारा जोर बदलतो. तो मधेच पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का बघतो. काहील उतरवायला थोडी घाई झाली तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर काळवंडतो. मधल्या त्या क्षणाला घंटा वाजत नाही आणि मोबाइलवर सूचनाही येत नाही. तो क्षण ओळखायला माणूस तिथंच असावा लागतो. देहानं तर सगळेच असतात, लक्षानं असावा लागतो. या माणसाला जाऊन कुणी 'वर्तमान क्षणात राहा' असा उपदेश केला, तर तो म्हणेल, 'मग मी आत्ता काय करतोय? जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.' आजूबाजूला ट्रॅक्टरची धडधड, चरकाची घरघर, पोरांचा रसासाठी गलका; आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक माणूस बुडबुडे वाचत उभा. शांतता आवाजात राहू शकते याचा याहून ठोस पुरावा द्यायचा तर ढेपच आणून ठेवावी लागेल.

तिसरा खुंटा तालमीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून पेठापेठांतून तालमी होत्या. पहाटे हळद, तेल, ताक, लिंबू घातलेल्या तांबड्या मातीत पोरं उतरतात आणि जोर-बैठका मोजत राहतात. मोजणं हा जपाचाच प्रकार आहे; फरक इतकाच, की माळेच्या जागी मांड्या भरून येतात. कुस्तीत तर बेसावधपणाला तिथल्या तिथं दंड होतो. समोरच्याचा खांदा हलला, त्याचं वजन डाव्या पायावर गेलं, हे ज्या क्षणी दिसायला हवं त्या क्षणी मन उद्याच्या बक्षिसात असेल तर पुढच्या क्षणी आभाळ दिसतं. चीत होणं म्हणजे भटकलेल्या मनाला जमिनीनं दिलेली आठवण. म्हणाल, की हे लक्ष जिंकण्यासाठी आहे, त्यात शांती कुठली? पण ज्यानं कधी पैलवान पाहिलाय त्याला माहीत असतं, की गावातला सगळ्यात कमी भांडकुदळ माणूस बहुधा तोच असतो. ज्याचं काम रोज पहाटे मातीत होऊन जातं, त्याला ते दुपारी चौकात पुन्हा करायची हौस उरत नाही.

चौथा खुंटा कट्ट्याचा, आणि इथं आक्षेप सगळ्यात जोरकस आहे. रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात येतो. हे दृश्य कितीही रम्य असलं तरी पेला रिकामा झाल्यावर जे सुरू होतं, त्याला सजगता म्हणता येईल का? कुणाच्या पोरीचं लग्न का मोडलं, गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत कोण कुणाला पाडणार, अमका आमदार तमक्या गटात का गेला. हे तर मनाचं भटकणंच झालं, शिवाय दुसऱ्याच्या अंगणातलं. कबूल. तरीही संशोधनातल्या माणसांत आणि कट्ट्यावरच्या माणसांत फरक आहे. प्रयोगातली माणसं एक काम करताना दुसऱ्याच विचारात होती. कट्ट्यावर गप्पा हेच काम असतं, आणि ते पूर्ण मनानं केलं जातं. सांगणारा हातवारे करत असतो, ऐकणारा 'मग?' म्हणत असतो, तिसरा 'तसं न्हवं ते' म्हणून दुरुस्ती करत असतो. कुणाचे कान ऐकत असतात आणि डोळे फोनवर, असा प्रकार चालत नाही. तसं केलं तर पुढच्या अर्ध्या तासाचा विषय तोच होतो. समोरच्या माणसाचं बोलणं पूर्ण ऐकून घेणं ही आज पैसे मोजून मिळणारी गोष्ट आहे. त्यासाठी वेळ ठरवून समुपदेशकाकडं जावं लागतं. कट्ट्यावर ती दुधाच्या पेल्याच्या भावात मिळते. सल्ला मात्र न मागता मिळतो, ही त्यातली गैरसोय.

आता रागाचं काय? शांततेची खरी परीक्षा तिथं होते, आणि कोल्हापूरकराचा राग तर भुईचक्रासारखा. इथं दृष्टान्त राधानगरीचा घ्यावा लागेल. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, पाणी उतरलं की आपोआप मिटतो. कोल्हापुरी रागाची रचना हुबेहूब हीच आहे. पातळी भरली की दरवाजा उघडतो, दोन सणसणीत शिव्या सांडव्यातून जातात, पातळी उतरते आणि 'चल, चहा घेऊ' म्हणत दरवाजा मिटतो. मानसशास्त्रज्ञ यावर लगेच हात वर करतील, की राग ओकून टाकल्यानं तो कमी होतो ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढलेला दिसला. बरोबर आहे. पण त्याच शास्त्राची दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली दाखवून दिलं, की बर्फाच्या पाण्यात हात बुडवलेला माणूस शिवी देत असेल तर वेदना जास्त वेळ सहन करतो. इथं कोल्हापुरात फटाके वाजायला हरकत नव्हती. पण त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी पुढचा निष्कर्ष काढला, की जो रोज भरपूर शिव्या देतो त्याला हा फायदा कमी मिळतो. म्हणजे आपला साठा आपण आधीच उधळून बसलोय. तेव्हा शिवीची बाजू आपण फार ताणू नये. दरवाजा उघडण्यात कौतुक काही नाही. कौतुक तो वेळेवर मिटण्यात आहे. अनेक घरांत दरवाजे कधी उघडतच नाहीत आणि मग एक दिवस धरणच फुटतं. कोल्हापुरात निदान विसर्ग किती सुरू आहे हे सगळ्या गावाला ऐकू येतं.

पुराचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात गंभीर आक्षेपाला तोंड देऊ. पोट भरलेल्याला निवांतपणा परवडतो. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्यानं कुठली सजगता पाळायची? पंचगंगेकाठच्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली नदी ५५ फुटांच्या पुढं गेली आणि अर्धं गाव बेटासारखं उरलं. त्या दिवसांत गावात एकच प्रश्न फिरत होता : 'किती झालं?' आणि उत्तर फूट-इंचांत येत होतं. भाबडेपणा आणि सजगता यांत काय फरक आहे, हे इथं कळतं. भाबडा म्हणतो, काही होणार नाही. भेदरलेला म्हणतो, आता सगळं संपलं. सजग माणूस म्हणतो, तासात तीन इंच चढलंय, जनावरं आत्ताच हलवा. डोक्यातल्या भीतीला फूट-इंच नसतात; नदीला असतात. भीतीवरून नजर काढून नदीवर ठेवली, की निदान पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते कळतं, आणि शेजारच्या गल्लीला पिठलं-भाकरी पोचवायला हातही मोकळे राहतात. दुःख यानं नाहीसं होत नाही. चिखल काढावाच लागतो. फक्त एकाच संकटाला आधी मनात आणि मग घरात, असं दोनदा बुडावं लागत नाही.

याच आक्षेपाचं दुसरं टोक अमेरिकेतूनच आलंय. २०१९ साली रोनाल्ड पर्सर यांनी 'मॅकमाइंडफुलनेस' नावाचं पुस्तक लिहून विचारलं, की माणसांना शांत बसायला शिकवून आपण अन्यायापुढंही शांत बसवतोय का? कंपनीनं पिळायचं आणि कामगारानं श्वास मोजायचा, ही वाटणी कुणाच्या सोयीची? प्रश्न बिनतोड आहे, पण कोल्हापुरी निवांतपणाला तो लागू पडत नाही. याच निवांत लोकांनी शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि टोल बंद पाडूनच थांबले. उच्च न्यायालयाचं खंडपीठ मागत वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकं घालवली, तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. चाळीस वर्षं एकच मागणी धरून ठेवायची तर चित्त किती एकाग्र असावं लागतं, याचा हिशेब एखाद्या ध्यानगुरूनं जरूर करावा. उतावळा माणूस चार दिवसांत थकतो; लढा लांबवायला निवांतच माणूस लागतो.

इतकं कौतुक झाल्यावर उणीवही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख न राहता पेठेचा फ्लेक्स होईल. लक्ष देणं आणि स्वतःकडं बघणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीत कोल्हापूर पटाईत, दुसरीत काठावर पास. चिंतन इथं भरपूर चालतं, पण ते शेजाऱ्याबद्दल. आत्मपरीक्षण म्हटलं की माणूस आरशात बघून मिशीला पीळ देतो आणि परीक्षा संपली असं जाहीर करतो. ज्यांना ही उणीव जाणवते त्यांच्यासाठी हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ रामलिंगच्या रस्त्याला 'धम्मालय' हे सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला उठायचं, फोन जमा, दुपारनंतर जेवण नाही आणि शेवटचा दिवस उजाडेपर्यंत मौन. नऊ दिवस तोंड बंद आणि पानात ना तांबडा रस्सा ना पांढरा, ही कल्पनाच कोल्हापुरी माणसाला युद्धकैद्यासारखी वाटते. तरीही तिथं जाणारे जातात, आणि ते जे शिकतात ते कट्ट्यावर मिळत नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा आणि मग अंगावर उठणारी प्रत्येक संवेदना, तिला होकार-नकार न देता. अंगाला खाज सुटली तरी लगेच हात न नेणं, हा ज्या माणसानं दहा दिवस सराव केलाय त्याला बांधाच्या भांडणातही कोयत्याकडं लगेच हात न नेणं जमू शकतं. त्यामुळं मिसळ आणि मौन यांचं वैर लावायचं कारण नाही. मात्र नऊ दिवस मौन पाळून दहाव्या दिवसापासून जो महिनाभर त्या मौनाबद्दलच बोलत सुटतो, त्याच्यापासून सावध राहावं.

प्रगतीचा वेग काय असावा, तेही रंकाळा तलावाकाठच्या आख्यायिकेनं सांगून ठेवलंय. तिथला नंदी रोज एक गहूभर पुढं सरकतो आणि एक तांदूळभर मागं येतो, असं जुने लोक सांगतात. मनाचं अगदी तसंच आहे. सकाळी पाच मिनिटं शांत बसून जे मिळवलं त्यातलं बरंचसं संध्याकाळी सिग्नलला परत जातं. पण गहू आणि तांदूळ यांच्या आकारात जो बारीक फरक उरतो, तेवढी कमाई. नंदी पाण्याला पोचला की प्रलय होणार असंही त्या आख्यायिकेत आहे, म्हणून फार घाई करू नये.

खरा शत्रू वेगळाच आहे आणि तो खिशात आहे. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघा. देऊळ पश्चिमेकडं तोंड करून बांधलेलं. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि आधी देवीच्या चरणांवर, मग वर, मग मुखावर चढतात. सगळा सोहळा मिनिटांचा. कधी ढग येतात, कधी हवेत धूळ आणि बाष्प असतं, कधी वाटेतली बांधकामं आड येतात, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की किरणं अमुक ठिकाणापर्यंत पोचून लुप्त झाली. ध्यानाला बसणाऱ्यानं आपली डायरी याच भाषेत लिहावी : आज गुडघ्यापर्यंत पोचलो, मग ढग आले. वाटेत अतिक्रमण आहे हे कळणं, ही सुद्धा अर्धी साधनाच आहे. पण अलीकडं कुठल्याही सोहळ्यात डोळ्यांच्या आधी फोन वर जातात. सूर्य करोडो मैलांवरून येऊन नेमक्या जागी टेकतो, आणि आपण त्याला चार इंचांच्या काचेत पकडून नंतर बघायला ठेवतो. ते नंतर कधीच येत नाही. मिसळीचा फोटो काढेपर्यंत शेव मऊ पडते. आयुष्याचंही यापेक्षा फार वेगळं होत नाही. गुळव्या, पैलवान आणि कट्ट्यावरचा दादा यांना जे फुकट साधतं, ते या एका वस्तूनं हिसकावून घेतलं. आणि तेच आता ॲपच्या रूपात महिन्याच्या वर्गणीवर परत विकायला आणलं.

तरीही निराश व्हायचं कारण नाही, कारण या गावाला थांबता येतं याचा पुरावा ताजा आहे. शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, ६ मे २०२२ला, सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. जिथं होते तिथं लोक थांबले, गाड्या थांबल्या, दुकानातली देवघेव थांबली. पिवळा दिवा दिसला की वेग वाढवणारं हे गाव. कुणी मनुका वाटल्या नव्हत्या, कुणाच्या मनगटावरच्या घड्याळानं आठवण केली नव्हती. ज्या राजानं धरण दिलं, मैदान दिलं, त्याच्या नावानं एवढ्या मोठ्या गावाला एका गोष्टीकडं लक्ष देता आलं. अमेरिकेतल्या त्या खोलीत पंधरा मिनिटं जमली नाहीत म्हणून लोकांनी विजेचे झटके घेतले. आपल्याला पंधरा मिनिटं नकोतच. रोज शंभर सेकंद पुरेत : चहाचा पहिला घोट, चपलेतून पाय काढून रंकाळ्याच्या कठड्यावर टेकलेला क्षण, आईचं बोलणं पूर्ण होईपर्यंत न उचललेला फोन. तेवढं करा, आणि मग कुणी विचारलं 'काय चाललंय?' तर खुशाल सांगा, निवांत. आत्तापर्यंत सवयीनं सांगत होता. यापुढं खरं सांगाल.